कोंबडीला लस मिळाली, आपल्याला कधी?

बाळाला भरवताना आई आधी घास स्वतः चाखून पाहते. आजी नातवाच्या गालाचा पापा घेते. डब्याच्या सुट्टीत एकाच चमच्यानं चौघं पुलाव संपवतात. तुम्ही बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या उंच सोसायटीत राहत असा की साताऱ्याच्या जुन्या वाड्यात, हे चित्र सगळीकडे सारखंच आहे. आणि या चित्रात एक न दिसणारा पाहुणाही सगळीकडे सारखाच असतो.

त्याचं नाव एपस्टाईन-बार विषाणू, थोडक्यात ईबीव्ही. तो लाळेतून पसरतो. जगातल्या दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो मुक्कामाला आहे. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या तुमच्याही शरीरात तो असण्याचीच शक्यता जास्त. घाबरू नका. बहुतेकांना तो जन्मभर काहीही करत नाही. पण फार थोड्यांमध्ये, काही कारणं एकत्र जुळून आली की, तो पेशींना कर्करोगाच्या वाटेवर नेतो. जगभरात दरवर्षी दोन लाखांहून अधिक लोकांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध असतो, असा अंदाज आहे.

इथे एक गंमत आहे, आणि एक खंतही. याच विषाणूचा एक दूरचा नातेवाईक कोंबड्यांना कर्करोग करतो, आणि कोंबड्यांसाठी त्यावरची लस पन्नास वर्षांपूर्वीच निघाली. माणसासाठी मात्र ईबीव्हीवर आजही बाजारात लस नाही. असं का? उत्तर शोधायचं तर प्रयोगशाळेत डोकवावं लागेल. तिथल्या काचेच्या बाटल्या, उंदरांचे पिंजरे आणि कोंबड्यांची खुराडी पाहावी लागतील.

कांजिण्यांचा भाऊबंद

हर्पिस हे विषाणूंचं एक मोठं कुळ आहे. त्यातला एक तुमच्या घरच्यांना पक्का माहीत आहे. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, अंगावरचे फोड सुकतात, सगळे विसरून जातात. पण विषाणू गेलेला नसतो. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडी मारून बसतो आणि साठीनंतर कधीतरी, प्रतिकारशक्ती थोडी उतरली की, नागीण होऊन बाहेर येतो. कांजिण्या आणि नागीण हे एकाच विषाणूचे दोन अवतार आहेत.

दडी मारून बसणं हा या सगळ्या कुळाचा स्वभाव. माणसात राहणारे असे आठ-नऊ हर्पिस विषाणू आहेत. त्यातले दोन कर्करोगाला कारण होऊ शकतात. पहिला ईबीव्ही. त्याचा संबंध काही प्रकारच्या लिम्फोमाशी, नाकामागच्या घशाच्या कर्करोगाशी आणि जठराच्या काही कर्करोगांशी आहे. दुसरा म्हणजे कापोसी सार्कोमाचा विषाणू. युआन चँग आणि पॅट्रिक मूर या शास्त्रज्ञ नवरा-बायकोनं तो १९९४ मध्ये अमेरिकेत शोधला. एड्सच्या रुग्णांच्या त्वचेवर उमटणाऱ्या जांभळट गाठींमागे तोच होता.

हे विषाणू अभ्यासायला फार अवघड. याचं कारण साधं आहे. ते माणसाचे आहेत, आणि माणसावर मुद्दाम प्रयोग करता येत नाहीत. मग करायचं काय? शास्त्रज्ञांनी माणसाच्या जागी काहीतरी उभं केलं: कधी बाटलीतल्या पेशी, कधी माकड, कधी उंदीर, कधी कोंबडी. प्रयोगशाळेच्या भाषेत याला ‘मॉडेल’ म्हणतात. घर बांधण्याआधी आर्किटेक्ट पुठ्ठ्याचं घर करून दाखवतो ना, तसंच. त्या पुठ्ठ्याच्या घरात राहता येत नाही, पण खिडकी कुठे चुकली ते कळतं.

धुक्यात अडकलेलं पार्सल

ही गोष्ट सुरू होते युगांडात. डेनिस बर्किट नावाचे शल्यचिकित्सक तिथे काम करत होते. लहान मुलांच्या जबड्याला झपाट्यानं वाढणारी गाठ त्यांना पुन्हा पुन्हा दिसत होती. १९५८ मध्ये त्यांनी तिचं वर्णन छापलं. ही गाठ आफ्रिकेच्या उष्ण आणि दमट पट्ट्यातच दिसते, हेही त्यांच्या लक्षात आलं. मलेरियाचा पट्टाही साधारण तोच होता.

मार्च १९६१ मध्ये बर्किट यांनी लंडनमध्ये भाषण दिलं. श्रोत्यांत अँथनी एपस्टाईन हे तरुण संशोधक होते. ते त्या वेळी कोंबड्यांना गाठी करणाऱ्या एका विषाणूवर काम करत होते. विषाणूमुळे गाठ होऊ शकते हे १९११ मध्ये पेटन राउस यांनी कोंबडीतच दाखवून दिलं होतं, पण माणसाच्या बाबतीत तसं घडतं यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. एपस्टाईन यांना वाटलं, ही मुलांची गाठ म्हणजे आपण शोधत होतो तीच असणार.

युगांडाहून गाठींचे तुकडे विमानानं लंडनला येऊ लागले. दोन वर्षं काहीच हाती लागलं नाही. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे एक विमान लंडनऐवजी मँचेस्टरला उतरलं. पार्सल उशिरा पोचलं, तेव्हा बाटलीतलं पाणी गढूळ झालेलं होतं. जंतू शिरून नमुना खराब झाला असं समजून कुणीही ते फेकून दिलं असतं. एपस्टाईन यांनी आधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तो गढूळपणा जंतूंचा नव्हता. प्रवासात हेलकावे खाऊन गाठीतून सुट्या झालेल्या जिवंत पेशी पाण्यात तरंगत होत्या.

या पेशी बाटलीत वाढू लागल्या, आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात एक हर्पिस विषाणू दिसला. एपस्टाईन, त्यांचे सहकारी बर्ट अचाँग आणि यव्हॉन बार या तिघांनी ही बातमी त्याच वर्षी जगाला दिली. विषाणूला नाव मिळालं ते एपस्टाईन आणि बार यांचं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. शोध लागला तो रुग्णाच्या शरीरात नव्हे, तर बाटलीत जगलेल्या पेशींमुळे. पुढे असंही दिसलं की माणसाच्या रक्तातल्या बी-पेशींना ईबीव्हीची लागण केली, की त्या मरायचं विसरतात. एरवी काही दिवसांत संपणाऱ्या या पेशी बाटलीत वर्षानुवर्षं वाढत राहतात. विषाणू पेशीच्या वाढीचा ब्रेक कसा सोडतो, हे शास्त्रज्ञ तिथे आपल्या डोळ्यांनी पाहू शकतात.

परळच्या बाटल्या

बाटलीत पेशी वाढवण्याचं हे शास्त्र भारतात रुजवणारी व्यक्ती मराठी होती. डॉ. कमल रणदिवे.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलीनं डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती, पण कमलताईंनी वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास निवडला. सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर त्यांनी एम.एस्सी. केलं. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात काम करू लागल्या. तिथे त्यांना गुरू मिळाले ते डॉ. वसंत खानोलकर, भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जातात ते. १९४९ मध्ये कमलताईंना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली.

त्यानंतर फेलोशिप घेऊन त्या अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गाठीतल्या पेशी बाटलीत कायमच्या वाढू लागल्या होत्या. ‘हेला’ नावानं त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात आहेत. हे तंत्र शिकून कमलताई मायदेशी परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. ऊतिसंवर्धन म्हणजे टिश्यू कल्चर, म्हणजेच पेशी शरीराबाहेर जगवणं.

ऐकायला सोपं वाटतं, पण करायला जिकिरीचं. पेशींना नेमकं शरीराइतकं तापमान लागतं, रोजचं ताजं पोषण लागतं, आणि एक जरी बुरशीचा कण आत शिरला तर महिन्यांची मेहनत फुकट जाते. घरी विरजण लावणाऱ्यांना याची थोडी कल्पना येईल. फरक एवढाच, की दही बिघडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावता येतं.

कमलताईंचा भर स्तनाच्या कर्करोगावर होता. त्यांनी उंदरांवर काम केलं. उंदरांमध्ये आईच्या दुधातून पिलांकडे जाणारा एक विषाणू स्तनाचा कर्करोग करतो. तो हर्पिस कुळातला नव्हे, वेगळ्या कुळातला. पण प्रश्न तोच होता: विषाणू, संप्रेरकं आणि आनुवंशिकता या तिघांची गाठ कुठे पडते? एकटा विषाणू पुरत नाही, सोबत आणखी काही लागतं, हा विचार त्यांच्या कामातून सतत पुढे आला. मुंबईत वाढवलेल्या उंदरांच्या एका जातीला तर या केंद्राच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ असंच नाव मिळालं. १९८२ मध्ये कमलताईंना पद्मभूषण देण्यात आलं. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांनी लावलेलं रोप आज मोठं झालं आहे. परळच्या संशोधन संस्थेचं काम आता नवी मुंबईत खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये चालतं. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे पेशींची एक बँकच आहे: द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या पेशी, ज्या देशभरच्या संशोधकांना पुरवल्या जातात.

बाटली काय सांगत नाही?

बाटलीतल्या पेशी खूप सांगतात, पण एक मोठी गोष्ट सांगत नाहीत. बाटलीत पोलीस नसतात.

आपल्या शरीरात ईबीव्ही शांत बसतो तो स्वतःच्या चांगुलपणानं नव्हे. आपल्या टी-पेशी त्याच्यावर रात्रंदिवस पहारा ठेवून असतात, म्हणून तो गप्प असतो. मूत्रपिंड किंवा यकृत बदललेल्या रुग्णांना नवा अवयव टिकावा म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. पहारा सैल होतो, आणि काही रुग्णांमध्ये ईबीव्हीचा लिम्फोमा होतो. हा पहारेकरी आणि चोराचा खेळ बघायचा असेल तर संपूर्ण शरीर लागतं. म्हणजेच प्राणी लागतो.

साधा उंदीर इथे कामाचा नाही. ईबीव्हीला पेशीत शिरायला विशिष्ट कुलूप लागतं, आणि त्याची किल्ली उंदराच्या कुलपाला बसत नाही. मग १९७० च्या दशकात शास्त्रज्ञ माकडांकडे वळले. कोलंबियाच्या जंगलात टॅमरिन नावाचं खारीएवढं माकड राहतं. डोक्यावर पांढऱ्या कापसासारखी शेंडी असते. ईबीव्हीचा मोठा डोस दिला की त्याला लिम्फोमा होतो. एपस्टाईन यांच्या गटानं १९८० च्या दशकात याच माकडांना विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन लस म्हणून टोचलं, आणि माकडं गाठींपासून वाचली. ईबीव्हीवर लस शक्य आहे, हे तेव्हा कळलं.

पण त्याची किंमतही होती. संशोधनासाठी हजारोंच्या संख्येनं पकडली गेलेली ही माकडं, जंगलतोडीची भर पडून, आज अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहेत.

माकडांच्या बाबतीत आपल्या देशाचाही एक धडा आहे. आपल्याकडची लाल तोंडाची ऱ्हीसस माकडं अनेक वर्षं लाखोंच्या संख्येनं परदेशी प्रयोगशाळांत जात होती. १९७८ मध्ये भारतानं ही निर्यात पूर्ण बंद केली. ऱ्हीसस माकडांमध्ये ईबीव्हीचा आणि कापोसी विषाणूचा, दोघांचाही सख्खा म्हणावा असा भाऊ राहतो. माणसाचा विषाणू माकडात घालण्याऐवजी माकडाचाच विषाणू माकडात पाहायचा, ही युक्ती १९९७ च्या सुमारास फळाला आली. तोंडावाटे लागण, मग दीर्घ शांतता, आणि प्रतिकारशक्ती ढासळली की लिम्फोमा: सगळा प्रवास माणसासारखाच दिसला.

अर्धा माणूस, अर्धा उंदीर

उंदरालाही त्याचा स्वतःचा विषाणू आहे. १९८० मध्ये तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात रानउंदरांसारख्या एका छोट्या प्राण्यात तो सापडला. एमएचव्ही-६८ हे त्याचं नाव. तो ईबीव्हीच्या आणि कापोसी विषाणूच्या कुळातलाच. प्रयोगशाळेतल्या साध्या उंदराला त्याची लागण होते, तो बी-पेशींत दडून बसतो, आणि मग शास्त्रज्ञांना एकेक गोष्ट तपासता येते. अमुक टी-पेशी काढून टाकल्या तर काय होतं? विषाणूतलं तमुक जनुक बंद केलं तर तो दडी मारू शकतो का?

तरीही तो उंदराचाच विषाणू. खुद्द ईबीव्हीचा अभ्यास करायचा तर? इथे शास्त्रज्ञांनी कमाल केली. स्वतःची प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या उंदराच्या पिलात त्यांनी माणसाच्या नाळेतल्या रक्तातल्या मूळ पेशी सोडल्या. पिलू मोठं होतं तसतशा त्याच्या अंगात माणसाच्या बी-पेशी आणि टी-पेशी तयार होतात. बाहेरून उंदीर, पण रक्तातली पोलीस चौकी माणसाची! अशा ‘मानवीकृत’ उंदराला ईबीव्हीची लागण होते. त्यातल्या मारक टी-पेशी काढून टाकल्या की गाठी वाढतात, म्हणजे एरवी हाच पहारा गाठी रोखतो.

हे ज्ञान नुसतं कागदावर राहिलं नाही. निरोगी दात्यांच्या ईबीव्ही ओळखणाऱ्या टी-पेशी बाटलीत वाढवून, अवयवरोपणानंतर लिम्फोमा झालेल्या रुग्णाला देण्याचा उपचार उभा राहिला. युरोपात २०२२ च्या अखेरीस अशा एका उपचाराला मंजुरी मिळाली. बाटली, उंदीर आणि रुग्ण अशी ही साखळी आहे.

आता कोंबडीकडे

१९०७ मध्ये योझेफ मारेक या हंगेरियन पशुवैद्यानं चार कोंबड्यांची नोंद केली. त्यांचे पाय लुळे पडले होते. पुढे जगभर कुक्कुटपालन वाढलं तसा हा रोग पसरला. एक पाय पुढे, एक पाय मागे टाकून पक्षी आडवा पडतो. डोळ्याचं बुबुळ करडं होतं. यकृत, प्लीहा, मज्जातंतू यांत गाठी होतात. काही कळपांत पाव भाग पक्षी दगावायचे. आपल्याकडचे पोल्ट्रीवाले याला ‘मरेक्स’ म्हणून ओळखतात.

१९६७ मध्ये इंग्लंडमधल्या चर्चिल आणि बिग्ज या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की यामागे हर्पिस विषाणू आहे. तो पिसांच्या मुळातून, कोंड्याबरोबर धुळीत उडतो आणि श्वासावाटे दुसऱ्या पक्ष्यात जातो. मग लवकरच लस आली. अमेरिकेत टर्की पक्ष्यांमध्ये याचाच एक निरुपद्रवी भाऊ सापडला. देवीच्या लशीसाठी जसा गायीचा विषाणू कामी आला, तसा इथे टर्कीचा विषाणू कामी आला. १९७० च्या सुमारास ही लस वापरात आली. कोणत्याही प्राण्यात कर्करोग रोखणारी ती जगातली पहिली यशस्वी लस.

आपल्या रोजच्या जेवणाशीही तिचा संबंध आहे. पुणे हे देशातल्या कुक्कुट व्यवसायाचं मोठं केंद्र आहे. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी सुरू केलेली व्यंकटेश्वरा हॅचरीज पुण्याचीच, आणि १९८२ मध्ये उभी राहिलेली राष्ट्रीय अंडी समन्वय समितीही पुण्याचीच. हॅचरीत अंडी देणाऱ्या जातीचं पिलू बाहेर आलं, की पहिल्याच दिवशी त्याच्या मानेच्या कातडीखाली मरेक्सची लस टोचली जाते. लशीतल्या पेशी जिवंत राहाव्यात म्हणून ती द्रव नायट्रोजनच्या डब्यात येते, आणि खास द्रावणात कालवली की थोड्या वेळात वापरून संपवावी लागते. तुमच्या फ्रिजमधलं अंडं जिनं दिलं, त्या कोंबडीनं बहुधा आयुष्याच्या पहिल्याच दिवशी कर्करोगाविरुद्धची लस घेतली होती.

यशातला काटा

पण गोष्ट इथेच संपली असती तर फार सोपं झालं असतं. मरेक्सची लस गाठी रोखते, लागण रोखत नाही. लस घेतलेली कोंबडी धडधाकट दिसते, पण तिच्या पिसांतून विषाणू बाहेर पडतच राहतो.

त्याचा परिणाम काय? गेल्या काही दशकांत मरेक्सचे विषाणू अधिकाधिक जहाल होत गेले. २०१५ मध्ये अँड्र्यू रीड, मूळचे भारतीय असलेले वेणुगोपाल नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा प्रयोग करून पाहिला. सर्वांत जहाल विषाणू लस न घेतलेल्या कोंबडीला दहा दिवसांत मारून टाकतात. ती मेली की त्यांचाही प्रसार थांबतो. लस घेतलेली कोंबडी मात्र जगते आणि तोच जहाल विषाणू आठवडेच्या आठवडे पसरवत राहते. म्हणजे लशीनं पक्षी वाचले, पण जहाल विषाणूंनाही जगायला जागा मिळाली.

याचा अर्थ लस वाईट, असा अजिबात काढू नका. ती नसती तर पोल्ट्री धंदाच उभा राहिला नसता, आणि लस घेतलेले पक्षी आजही सुरक्षित राहतात. माणसाच्या देवी, पोलिओ, गोवर यांच्या लशींवर हा आक्षेप लागू होत नाही, कारण त्या प्रसारालाही मोठा आळा घालतात. कोंबडीनं दिलेला धडा नेमका आहे: दडी मारणाऱ्या विषाणूवर लस करताना दोन वेगवेगळे प्रश्न विचारा. रोग थांबतो का? आणि लागण थांबते का?

मग माणसाचं घोडं अडलंय कुठे?

माणसात हेच दोन प्रश्न समोर उभे राहिले. टॅमरिन माकडांना वाचवणाऱ्या प्रथिनाची लस पुढे माणसांत तपासली गेली. ईबीव्हीची लागण न झालेल्या १८१ तरुण-तरुणींवरच्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ईबीव्हीमुळे येणारा ग्रंथिज्वर ७८ टक्क्यांनी कमी झाला. लागण मात्र थांबली नाही. अगदी कोंबडीसारखंच!

दुसरी अडचण काळाची. कोंबडीत मरेक्सच्या गाठी काही आठवड्यांत दिसतात, म्हणून लस चालते की नाही हे एका हंगामात कळतं. माणसात ईबीव्हीची लागण बहुधा लहानपणी होते आणि कर्करोग झालाच तर तो अनेकदा कित्येक दशकांनी. तोही लाखोंमध्ये थोड्यांना. मग लशीनं कर्करोग कमी झाला हे सिद्ध करायला किती माणसं आणि किती वर्षं लागतील?

तिसरी अडचण जोडीदारांची. आफ्रिकेत ईबीव्हीला मलेरियाची साथ मिळते. दक्षिण चीनमध्ये आणि आपल्या नागालँड-मणिपूरकडे नाकामागच्या घशाचा कर्करोग जास्त दिसतो. तिथे आनुवंशिकता आणि खाण्याच्या सवयींचा हात असावा असं मानलं जातं. कमलताई रणदिवे उंदरांत जे शोधत होत्या, तेच इथेही आहे: विषाणू एकटा येत नाही.

तरीही प्रयत्न थांबलेले नाहीत. २०२२ पासून नव्या पद्धतीच्या लशींच्या मानवी चाचण्या अमेरिकेत सुरू झाल्या. त्याच वर्षी अमेरिकी सैनिकांच्या साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून असंही दिसलं, की मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या आजारामागेही ईबीव्हीचा मोठा हात आहे. त्यामुळे या लशीची गरज आता कर्करोगापुरती राहिलेली नाही.

त्या मुक्या जिवांचं काय?

हे वाचताना तुमच्या घरातल्या एखाद्या लहानग्यानं विचारलं, “पण उंदराला दुखत नाही का?” तर त्याला गप्प करू नका. प्रश्न बरोबर आहे.

भारतात प्राण्यांवरचे प्रयोग मनमानीनं करता येत नाहीत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारची देखरेख समिती आहे, आणि प्रत्येक संस्थेत स्वतंत्र नीतिसमिती असावी लागते. प्रयोगाआधी शास्त्रज्ञाला तीन गोष्टींचं उत्तर द्यावं लागतं. प्राण्याशिवाय हे काम होईल का? होत नसेल तर कमीत कमी किती प्राणी पुरतील? आणि त्यांचा त्रास कमी कसा करता येईल? ही तीन सूत्रं १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी मांडली.

आता माणसाच्याच पेशींपासून टॉन्सिलचे किंवा जठराचे इवलेसे गोळे प्रयोगशाळेत वाढवता येतात. काही प्रश्नांसाठी प्राण्यांची गरज त्यामुळे कमी होऊ लागली आहे. सगळ्यांसाठी अजून नाही.

तुमच्या मनातले प्रश्न

मरेक्स झालेल्या कोंबडीमुळे आपल्याला कर्करोग होतो का?
नाही. हा विषाणू पक्ष्यांचा आहे, माणसाला त्याची लागण होत नाही. चिकन आणि अंडी नेहमीप्रमाणे नीट शिजवून खा, एवढं पुरे.

मग बाळाचा पापा घेणं बंद करायचं का?
त्याची गरज नाही. ईबीव्ही बहुतेकांना लहानपणीच, कळतही नाही असा होऊन जातो. बाळाचा चमचा वेगळा ठेवणं ही चांगली सवय आहे, पण भीतीपोटी माया आवरू नका.

ग्रंथिज्वर झाला तर काय करायचं?
किशोरवयात ताप, दुखणारा घसा, मानेत सुजलेल्या गाठी आणि आठवडेच्या आठवडे थकवा असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. मनानं अँटिबायोटिक घेऊ नका. विषाणूवर ते चालत नाही आणि काही अँटिबायोटिकमुळे या आजारात अंगावर पुरळ येतं. या काळात प्लीहा सुजलेली असू शकते, म्हणून डॉक्टर हो म्हणेपर्यंत कबड्डी, फुटबॉल यांसारखे धक्काबुक्कीचे खेळ बंद.

आपल्याला ईबीव्ही आहे का, हे तपासून घ्यावं का?
निरोगी माणसानं उगाच तपासून काही हाती लागत नाही. उत्तर बहुधा ‘हो’ असंच येईल, आणि त्यावर करण्यासारखं काही नसतं.

मग लक्ष कशाकडे द्यायचं?
न दुखणारी गाठ दोन-तीन आठवड्यांनंतरही तशीच राहिली, कारण नसताना वजन उतरलं, रात्री घामानं कपडे भिजू लागले, किंवा एकाच बाजूचा कान सतत दडे बसलेला आणि नाकातून रक्त, असं काही असेल तर वाट पाहू नका. बहुतेकदा कारण साधंच निघतं, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. घरात कुणाचं अवयवरोपण झालं असेल तर ही काळजी अधिक घ्या.

कर्करोगाविरुद्ध आपल्याकडे आज कोणतीच लस नाही का?
आहे की! गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्हीची लस आहे आणि यकृताच्या कर्करोगापासून वाचवणारी हिपॅटायटिस बीची लस आहे. हे विषाणू हर्पिस कुळातले नाहीत, पण मुलांना या लशी वेळेवर द्यायच्या की नाही, हा निर्णय आजच तुमच्या हातात आहे.

पुढच्या वेळी नाश्त्याला अंडं फोडाल, तेव्हा हॅचरीतल्या त्या एक दिवसाच्या पिलाची आठवण काढा. त्याच्या मानेत टोचलेल्या त्या थेंबानं विषाणूमुळे होणारा कर्करोग लशीनं रोखता येतो हे दाखवलं, आणि कुठे सावध राहायचं तेही शिकवलं. आपली पाळी अजून यायची आहे. ती येईल तेव्हा त्या लशीमागे धुक्यात अडकलेलं एक पार्सल असेल, कोलंबियातली पांढऱ्या शेंडीची माकडं असतील, न मोजलेले उंदीर असतील, आणि पेशी बाटलीत जगवायला भारताला शिकवणारी पुण्याची एक मुलगीही असेल.